तोंड भास्करकाकाचं, आवाज माहा

आपल्या कंपनीचा इतिहास लिहून द्या, असं आमच्या मालकाच्या, सिराजभाईच्या पोरानं मले म्हटलं तवा मी पयले हसलो, मंग घाबरलो. पोरगा आता डायरेक्टर हाय. बसाले फिरती खुर्ची हाय, गळ्यात पट्टा हाय, पट्ट्याले त्याचाच फोटो हाय, म्हंजे आरशात पाहून गडबड व्हाले नको. त्यानं नमुना म्हून एक चकचकीत कागद देल्ला. 'एका छोट्याशा स्वप्नातून उभी राहिलेली विदर्भातील अग्रगण्य निर्मितीसंस्था. गुणवत्ता हाच आमचा ध्यास.'

म्या इचारलं, "अन् अंड्याचे ट्रे?"

"कोणते ट्रे?"

"अन् खालची आटाचक्की?"

"पंकजभाऊ, जरा प्रोफेशनल लिहा ना."

मंग तो कागद त्यानंच जाहिरातीच्या पानावर छापाले देल्ला, तुमाले याच दिवाळी अंकात दिसन. मी आपलं उरलेलं सांगतो. संपादक म्हणत होते, शुद्ध लिहा. म्या म्हटलं, साहेब, मले साऱ्या गावाच्या आवाजात बोलता येते, पण लिहाले एकच येते. चालवून घ्या.

तं राजेहो, आमची कंपनी म्हंजे अमरावतीत राजकमल चौकाच्या मांगच्या गल्लीत, आटाचक्कीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. पयले नाव होतं 'जुगनू व्हिडिओ'. लगनं, बारसे, साक्षगंध. मंग केबलवर रोज संध्याकाळी अर्धा घंटा गावच्या बातम्या सुरू झाल्या अन् नाव झालं 'जुगनू केबल वार्ता'. आता 'जुगनू मीडिया प्रायव्हेट लिमिटेड' हाय. नाव दोनदा बदललं, पंखा तोच हाय.

आतली खोली म्हंजे स्टुडिओ. आवाज घुमू नये म्हून चारही भिताडायले अंड्याचे रिकामे ट्रे चिकटवले होते. सिराजभाईच्या साळ्याची अंड्याची गाडी होती, म्हून. बाहेरचं कोणी पाहाले आलं की सिराजभाई ट्रेवर थाप मारून सांगत, "ये फॉरेन का मटेरियल है." उन्हाळ्यात त्या फॉरेनचा असा वास सुटे का बातम्या वाचणारी मॅडम नाकाले रुमाल लावून वाचे, अन् लोकायले वाटे मॅडमले बारा महिने सर्दी हाय.

खरी अडचण चक्कीची होती. चक्की चालू असली की सारी खोली गुरगुरे. रेकॉर्डिंग कराचं तं चक्की बंद पायजे, अन् चक्की बंद होये फक्त लोडशेडिंगमधी. ते दिवस असे होते का वऱ्हाडात लाइट पाव्हण्यासारखी ये. लोकं घामानं भिजून वीजवाल्यायले शिव्या देत. अमी मात्र वाट पाहत बसो. लाइट गेली रे गेली का सिराजभाई ओरडत, "चलो, चक्की बंद! पंक्या, घुस!" मी आत घुसे, दार लावे, अन् इन्व्हर्टरवर जेवढं बोलता येते तेवढं बोलून घे. साऱ्या शहरात लाइट गेल्यावर कामाले लागणारी आमची एकच कंपनी. हे त्या चकचकीत कागदावर नाही.

मले घेतलं होतं जाहिराती वाचाले. नांदगाव खंडेश्वरच्या शाळेत मी मास्तर लोकायच्या नकला करत होतो, तेवढंच माहं शिक्षण समजा. पण जुगनूत आल्यावर माह्यासाठी दुसरंच काम निघालं. आमच्याजवळ बिनवायरचा एकच माइक होता. त्याचा सेल मधातच जीव सोडे. मंग समोरचा माणूस तावातावानं बोलत राहे अन् टेपवर नुसतं चित्र ये. अशा वक्ताले मी आत बसून त्या माणसाच्या तोंडावर त्याच्याच आवाजात बोलणं चढवे. कंपनीत याले अमी 'थिगळ' म्हणो. धोतर फाटलं तं थिगळ लावत नाही काय? तसंच.

आता थिगळ कसं लावतात ते सांगतो. लोकायले वाटते का नक्कल म्हंजे आवाज. आवाज सगळ्यात शेवटी येते. पयले पाहाचं, माणूस दम कोठी घेते. मंग पाहाचं, कसं खाकरते. ज्याले ज्याचं खाकरणं जमलं त्याले तो माणूस जमला. मंग पडद्यावर पाहाचं, ओठ कोठी मिटतात. प, ब, म बोलल्याशिवाय ओठ मिटत नाहीत. म्हून जेथी ओठ मिटले तेथी प, ब, मचा शब्द बसवाचा, बाकीच्या जागी काहीही घाला, कोणाच्या बापाले समजत नाही.

पयलं मोठं थिगळ एका पुढाऱ्याले लावलं. त्यायचं उद्घाटनाचं भाषण मुकं आलं. ते नेहमी काय बोलतात ते साऱ्यायले पाठच होतं, म्या दोन मिनिटं ठोकून देल्लं. जरा सुधारूनच देल्लं. आभार कमी केले, म्हणी दोन घातल्या. दुसऱ्या दिवशी त्यायचा फोन आला. सिराजभाईनं उचलल्या उचलल्या माफी मागतली. पण साहेब खुशीत. "काल आपण बरे बोललो म्हणतात लोक. त्याची एक कॉपी पाठवा." पुढच्या सभेत राजेहो, त्यायनं माह्या दोन्ही म्हणी वापरल्या. मी गर्दीत हुभा होतो. मले वाटलं, आता नक्कल कोण कोणाची करून राह्यलं?

दुसरं गिऱ्हाईक आलं परतवाड्याहून. जीपवाला होता. चिखलदऱ्याची सवारी भरे. दिवसभर "चिखलदरा, चिखलदरा, एकच सीट, एकच सीट" ओरडून त्याचा गळा बसला होता. म्हणे, माह्या आवाजात अर्ध्या घंट्याची कॅसेट बनवून दे, टपावर भोंगा लावतो. म्या बनवून देल्ली. मधात दोनदा खाकरलोही, जिवंतपणा याले पायजे म्हून. दोन महिन्यानं त्याची बायकोच जिना चढून आली. "ते कॅसेट बनवणारा कोण हाय?" तिचं घर स्टँडच्या मांगं. तिले दिवसभर नवऱ्याचा आवाज ये, ती समजे माणूस धंद्यावर हाय. अन् माणूस जीप भाच्याच्या हवाली करून पत्ते कुटत बसे. "अन् खाकरलाही तूच काय रे? मी तीन दिवस त्याच्यासाठी काढा उकळला!" तिनं म्हटलं. काढ्याचं ऐकून मले खरंच वाईट वाटलं. पण हसूही आलं, खोटं कशाले बोलू.

असं आमचं थिगळायचं काम मजेत चाललं होतं, तवाच मुंबईच्या एका चॅनलचा फोन आला.

ते वरसं तुमाले आठवतच असन. रोज कोणी ना कोणी वऱ्हाडात येऊन शेतकरी पाहून जाये. दिल्लीचे येत, मुंबईचे येत, गाड्यायचे काच खाली करत, फोटो घेत, काच वर करत. त्या चॅनलच्या साहेबाले रोज इकडे याचं परवडत नव्हतं. ते म्हणे, तुम्ही एक बातमी नमुन्याची पाठवा, जमली तर विदर्भाचं सगळं काम जुगनूचं. सिराजभाईनं फोन ठेवला अन् कुर्त्याची बाही डोळ्याले लावली. लगनाच्या शूटिंगमधी बुंदीचे क्लोजअप घेऊन घेऊन त्यायचं उभं आयुष्य गेलं होतं.

साहेबानं सांगतलं होतं, शेतकरी बोलका हवा, पण रडवेला हवा. सिराजभाईनं चिठ्ठीवर लिहून आमच्या हातात देल्लं: 'बोलका. रडका.' आमचा कॅमेरावाला गजू चिठ्ठी वाचून म्हणे, "भाईजान, दोन्ही एकाच माणसात पायजे का दोन आणाचे?"

अमी दोघं मोटरसायकलीवर नांदगाव खंडेश्वरकडे निघालो. कपाशीवर लाल्या रोग आला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूनं पानं लालभडक, जशी कोणी वावरावर पानाची पिचकारी मारली. एका धुऱ्यावर, म्हंजे बांधावर, एक माणूस कमरेवर हात ठेवून हुभा दिसला. पांढरी टोपी, जाड मिशी. हेच भास्करकाका. गजू लांब धुऱ्यावरूनच चित्र घेत राह्यला, त्याले मांगचं लाल वावर सारं पायजे होतं. मी माइक घेऊन काकाजवळ गेलो.

माइकचा सेल वाचवाले आमची एक सवय होती. माणूस बोलाले लागला की बटन चालू, थांबला की बंद. काका बोलाच्या आंधी खाकरले. अन् राजेहो, काय खाकरले! पयले नाकातून कुकरसारखा दम सोडला, मंग घशात दोन पायऱ्या उतरले अन् एक चढले. असं खाकरणं म्या जिंदगीत आयकलं नव्हतं. वर हरेक वाक्यामांगं भुवई उचलून "समजलं काय?" म्हणत. मी असा भारावलो का मनातल्या मनात त्यायच्यासंग खाकराले लागलो. चार मिनिटं ते बोलले, हातवारे केले, माह्या खांद्यावर थाप मारली, हसले. मी मान हलवत होतो. बटन बंदच होतं.

जुगनूत येऊन टेप लावली तं काका मासोळीवानी तोंड हलवून राह्यले, आवाज काहीच नाही. सिराजभाई माह्याकडे पाहून म्हणे, "कोई बात नहीं. थिगळ लगा दे. क्या बोला वो?"

म्या तोंड उघडलं. खाकरणं आलं. दम आला. 'समजलं काय' आलं. त्याच्या मधातलं काहीच नाही आलं.

"अबे, क्या बोला?"

"भाई, माह्या ध्यानात नाही."

"सामने खड़ा था ना तू?"

हुभा तं होतो. पण मी आवाज आयकत होतो, बोलणं आयकलंच नव्हतं. गजूले इचारलं, तो म्हणे मी लांब होतो. तेवढ्यात मुंबईचा फोन आला, एका घंट्यात बातमी पायजे. अन् लाइट याले वीसच मिनिटं होते. लाइट आली का खाली चक्की सुरू, मंग काहीच नाही. सिराजभाईनं मले आत ढकललं. "रडका बोल. कुछ भी बोल, मगर रडका बोल."

मंग म्या काकाच्या तोंडावर रडकं चढवलं. आता काही उरलं नाही, लाल्यानं सारं खाल्लं, समजलं काय, घर कसं चालवू, समजलं काय. मधात हसले होते तेथी म्या हुंदका घातला, झकास बसला. शेवटी काकाचे ओठ तीनदा मिटत होते अन् माह्याजवळचे शब्द सरले होते. खालतून चक्कीवाला पट्टा चढवून राह्यला होता. तीनदा ओठ मिटतील असं काहीतरी पायजे. म्या म्हटलं, "पोरीचं लगन कसं करू बापा?" पो, बा, पा. फिट्ट. लाइट आली.

काकाले पोरगी हाय का नाही, हेही मले माईत नव्हतं.

मुंबईचे साहेब लय खुश. उन्हामुळं काकाचे डोळे बारीक झाले होते अन् पाणी आलं होतं, ते तं म्हणे सोन्याहून पिवळं. दिवसातून तीनदा दाखवलं. सिराजभाईनं साऱ्या गल्लीत पेढे वाटले, चक्कीवाल्यालेही देल्ले.

चवथ्या दिवशी काका जिना चढून आले. टोपी हातात होती.

"टेप कोणाजवळ असते?"

सिराजभाईनं खुर्ची देल्ली. "बैठो काका, चाय मंगाता."

"चहा नको. मले ते टेप पाहाची हाय. मी काय बोललो ते पाहाचं हाय."

मंग त्यायनं सांगतलं. पोरीचं नाव वैशाली, गावातच बालवाडीत शिकवते. तेल्हाऱ्याच्या दादारावच्या पोराशी सोयरीक जमली होती, साक्षगंध झालं होतं. टीव्ही पाहून दादारावचा फोन आला का इवाई, एवढं हाल होतं तं आमाले काहून नाही सांगतलं? साऱ्या जगाले सांगतलं, सोयऱ्याले नाही? आता लगनाचं अमी इचार करून सांगतो.

"ते जाऊ द्या," काका म्हणे, "पण घरची. ती म्हणते, तुमी मनातलं मले सांगत नाही अन् भलत्याले सांगता. दोन दिवस झाले, ताट वाढते, बोलत नाही. म्या म्हटलं, अवं, मी असं बोललोच नाही. ती म्हणे, मंग आवाज कोणाचा हाय? आवाज तं माहाच हाय भाऊ. म्या चारदा पाह्यलं. खाकरणंही माहंच." मंग हळूच म्हणे, "टेप दाखवा. बोललो असन तं बोललो. तेल्हाऱ्याले जाऊन हात जोडतो."

सिराजभाईनं माह्याकडे पाह्यलं नाही. "काका, उस टेप पे दूसरा रेकॉर्ड हो गया. शादी का."

ते खरंच होतं, अमी एकच टेप दहादा वापरो. काकानं मान हलवली अन् माह्याकडे वळले. "बाबू, तू तं समोर होता. म्या म्हटलं होतं काय असं?"

आता पाहा, मी साऱ्यायचे आवाज काढतो, पण तवा माहा सोताचा निघाला नाही. कसाबसा म्हणालो, "असन, काका."

"असन," काका म्हणे. टोपी घातली अन् जिना उतराले लागले.

मंग मी धावलो. काका चक्कीपाशी पोहोचले होते. म्या मांगून त्यायच्याच आवाजात खाकरलो अन् म्हटलं, "पोरीचं लगन कसं करू बापा?"

काका गर्रकन फिरले. मांगं पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं, पुन्हा मांगं पाह्यलं. चक्कीवर दळण घेऊन बसलेल्या बायाही पाहाले लागल्या.

"पुन्हा बोल."

म्या पुन्हा बोललो. काका तेथीच पिठाच्या पोत्यावर बसले.

"म्हंजे म्या नाही म्हटलं?"

"नाही काका."

"म्हंजे मी येडा नाही झालो?"

"नाही काका. मी झालो."

मंग त्यायनं मोठ्ठा दम सोडला, नाकातून, कुकरसारखा. उठले. टोपी नीट केली. अन् अशी कानाखाली हाणली का चक्की बंद असून मले गुरगुर आयकू आली. एक बाई म्हणे, "बरं केलं."

"आता चाल," काका म्हणे.

"कोठी?"

"तेल्हाऱ्याले. जे तोंड नेलं ते वापस कर."

सिराजभाई जिन्यावर हुभे होते. त्यायनं सारं आयकलं होतं. "पंक्या, कंपनी डुबाएगा तू," ते म्हणे. मंग खिशातून रुमाल काढला अन् माह्या गालावर पीठ लागलं होतं ते पुसलं. "जा. जुगनूचं नाव नको घेऊ फक्त."

अमरावतीहून अकोला, अकोल्याहून तेल्हारा. अकोल्याच्या स्टँडवर काकानं मले फोनच्या डब्यापाशी नेलं अन् शेजाऱ्याच्या घरचा नंबर लावला. काकूले बोलावलं. "बोल," मले म्हणे, "माह्या आवाजात."

"अवं, मी बोलतो," म्या म्हटलं.

"बोला. जगाले बोलून झालं असन तं मले बोला," काकू तिकडून.

काकानं माह्या हातातला फोन घेतला. "अवं, आता हा मी बोलतो. तो आंधीचा मी नव्हतो."

मंग काकू म्हणाली, "तुमी पिऊन हाय काय?"

सारं समजावाले तीन रुपये लागले. शेवटी काकू माह्याशी बोलली, तुह्या सोताच्या आवाजात बोल म्हणे. बोललो. तिनं मले ज्या शिव्या देल्ल्या त्या दिवाळी अंकात बसत नाहीत. पण फोन ठेवताना काका मिशीतल्या मिशीत हसत होते. "मले म्हणे, डबा नेला नाही, काही खाल्लं का?"

तेल्हाऱ्यात दादारावच्या बैठकीत अमी बसलो. दादाराव, त्यायची मोठी बहीण आत्याबाई, अन् नवरदेव सुनील, जो कोपऱ्यात बसून चटईच्या काड्या मोडत होता. काकानं सांगतलं, या पोट्ट्यानं माह्या तोंडावर आवाज चढवला. म्या नमुना दाखवला. आत्याबाई पान चावत म्हणे, "दोन वाक्य कोणीही पाठ करते. हे पोट्टं भाड्यानं आणलं असन."

मंग परीक्षा ठरली. मी अन् काका दोघंही आतल्या दाराच्या पडद्यामांगं. एकानं बोलाचं, आत्याबाईनं सांगाचं कोण. पयल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा चुकली. तिसऱ्यांदा म्हणे, "थांबा, हे नक्की इवाई. दम कसा घेते पाहा, घरंदाज माणूस." पडदा सरकवून मी बाहेर आलो. स्वयंपाकघरात बाया असं हसल्या का भांडं पडलं.

मले वाटलं, जिंकलो. पण दादाराव हसले नाही.

"इवाई," ते म्हणे, "वाईट आयकलं ते याचं होतं, मानलं. पण साक्षगंधाच्या दिवशी चांगलं आयकलं होतं. ओलिताची जमीन, विहिरीले बारमाही पाणी. ते कोणाचं होतं? आता मी कशावर भरवसा ठेवू?"

काकाचं तोंड उघडं राह्यलं. पोरीच्या बापानं तोंडाशिवाय कशानं साक्ष द्याची? अन् ते तोंडच म्या खराब करून ठेवलं होतं. माहा गाल पुन्हा जळाले लागला.

आत्याबाईलेच कीव आली असन. मले म्हणे, "अरे नकल्या, आमच्या सुनीलचा काढ ना आवाज. मजा तं येऊ दे."

म्या म्हटलं, "आत्याबाई, त्यायचा नाही येत."

"काहून?"

"मी आल्यापासून ते बोललेच नाहीत."

साऱ्यायनं कोपऱ्यात पाह्यलं. सुनील कानापर्यंत लाल. हातातली काडी ठेवली. म्हणे, "बाबा, विहिरीले पाणी हाय."

"तुले काय माईत?"

"म्या पाह्यलं."

"कधी?"

"दोनदा गेलो होतो. नांदगावकडे काम होतं."

"काय काम?" आत्याबाईनं पान चावणं थांबवलं.

"बालवाडी सुटते तवा..." सुनील अडखळला. "विहीर वाटेतच हाय."

"विहिरीच्या वाटेत बालवाडी, का बालवाडीच्या वाटेत विहीर?" आत्याबाई म्हणे, अन् दादारावचं पोट हलाले लागलं. त्यायनं टोपी काढून डोकं खाजवलं. "इवाई, पोरगं आंधीच पाणी पिऊन आलं हाय. मी काय इचार करू आता? तारीख तेच."

जुगनूचं नाव आत्याबाईनं मले चहा देताना काढून घेतलं. ते लपवणं मले जमलं नाही. म्हून बोभाटा व्हाच्या आंधी सिराजभाईनं आपणच मुंबईले फोन लावला अन् खरं काय ते सांगून टाकलं. साहेबानं सारं आयकून घेतलं. मंग म्हणे, "असू द्या हो. आवाज कोणाचा का असेना, बाईट चांगली होती. पुढच्या आठवड्यात अजून एक पाठवा. तोच मुलगा आहे ना?" सिराजभाईनं फोन माह्यासमोर ठेवला, आपटला नाही, ठेवला. म्हणे, "उधर का काम नहीं करना." दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा बुंदीचे क्लोजअप. त्या चकचकीत कागदावर लिहिलं हाय का काही वरसं कंपनीनं 'स्थानिक बाजारपेठेवर लक्ष केंद्रित केलं'. लक्ष असं केंद्रित झालं होतं, पाहा.

पण मले सांगाचं हाय ते वापसीचं. तेल्हाऱ्याहून अकोल्याले याच्या एसटीत मी अन् काका एका सीटवर. काका खिडकीपाशी, डोळे मिटून. जीव भांड्यात पडला म्हंजे माणूस कसा बसते तसे. अर्धा रस्ता गेला. मंग राहावलं नाही.

"काका, त्या दिवशी वावरात तुमी खरं काय बोलले होते?"

काकानं डोळे उघडले. "तू तं समोर हुभा होता ना बे?"

"हुभा होतो. पण आयकलं नाही. तुमचा आवाज पकडत होतो."

काका माह्याकडे पाहत राह्यले. मले वाटलं, दुसऱ्या गालाची पाळी. पण ते खिडकीकडे वळले.

"म्या म्हटलं, लाल्यानं कपाशी नेली, पण तूर हाय, विहीर हाय. माणूस असा एका सालात मरत नाही, समजलं काय? मंग म्हटलं, तुमी शहरातून एवढ्या उन्हात आले, आमची इचारपूस केली, तं आता पाव्हणे झाले." त्यायनं खिडकीची काच सरकवली. "शेवटी म्हटलं होतं, माह्या पोरीचं लगन हाय, तुमी दोघंही जेवाले या."

नाक पुसाले माह्याजवळ रुमालही नव्हता.

"मान हलवत होता तू," काका म्हणे. "मले वाटलं, येतो म्हणून राह्यला."

"येऊ का, काका?"

"ये," काका म्हणे, अन् पुन्हा डोळे मिटले. "जेवाले ये. बोलाले नको येऊ."